पैसा कोणाचा आणि त्याच्या अटी काय

मघाशी आत येताना एका मुलीने विचारलं, "सर, गणितात फंडेड पीएचडी मिळते का हो?" मिळते. उलट गणित-सांख्यिकीत स्वतःच्या खिशातून पैसे भरून पीएचडी करायची वेळ आली, तर आधी थांबा, असंच मी सांगेन. आपल्याला प्रयोगशाळा लागत नाही, महागडी यंत्रं लागत नाहीत. खर्च असतो तो तुमच्या पोटापाण्याचा आणि गाइडच्या वेळेचा. तेवढाही करायला कोणी तयार नसेल, तर त्या प्रवेशाचं करायचं काय?

पण पैसा मिळणार एवढं कळून भागत नाही. तो कोणाच्या खिशातून येतोय, हे बघा. तुमचा संशोधनाचा प्रश्न कोण ठरवणार, ते बऱ्याचदा तिथेच ठरतं.

अमेरिकेत गणित विभाग पैसे देतात ते मुख्यतः शिकवण्याबद्दल. टीचिंग असिस्टंट म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅल्क्युलस समजावायचं, गठ्ठेच्या गठ्ठे पेपर तपासायचे. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला बोलू. पण पैसा विभागाचा असल्यामुळे आल्या आल्या गाइड निवडायची घाई नसते. बऱ्याच ठिकाणी मास्टर्सशिवायही थेट प्रवेश मिळतो. मग आधी कोर्सेस, क्वालिफाइंग परीक्षा, आणि नंतर विषय. रिसर्च असिस्टंटशिपचं तसं नाही. तो पैसा प्राध्यापकाच्या प्रकल्पाचा, म्हणून प्रश्नही बहुधा त्याचाच.

नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये पीएचडी ही बहुतांशी चक्क नोकरी असते. जागेची जाहिरात निघते, करार होतो, पगार मिळतो. जर्मनीतही अनेक जागा तशाच, पण तिथली जाहिरात नीट वाचा. 'ई-१३, ७५ टक्के' असं लिहिलेलं दिसेल. ई-१३ ही वेतनश्रेणी, आणि ७५ टक्के म्हणजे पूर्णवेळ कामाच्या पाऊण हिश्शाचा करार. पगारही त्याच हिशेबाने. संशोधन मात्र पाऊण करून चालत नाही, हे जाहिरातीत कोणी लिहीत नाही.

युरोपियन युनियनच्या पैशावर चालणाऱ्या 'मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्क' या पीएचडी योजनेची वेगळीच गंमत. ज्या देशात जागा आहे, तिथे भरतीच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा शिक्षण-नोकरीसारख्या मुख्य कामासाठी असलेले चालत नाही. मास्टर्स करायला त्याच देशात दोन वर्षं राहिलेली हुशार मुलं इथे अडकतात. गुण, शिफारसपत्रं सगळं उत्तम, आणि कॅलेंडर आडवं येतं.

फ्रान्समध्ये १९८१ पासून 'सिफ्र' नावाची योजना आहे. कंपनी तुम्हाला तीन वर्षं नोकरीवर ठेवते, सरकार कंपनीला अनुदान देतं आणि संशोधन विद्यापीठातल्या संशोधन-गटासोबत चालतं. "कंपनीच्या पैशाने कसलं आलंय गणित?" असं नाक मुरडणाऱ्यांना मी गॉसेटची आठवण करून देतो. गिनेस या बिअर बनवणाऱ्या कंपनीतला हा माणूस. कंपनीने त्याला १९०६-०७ मध्ये लंडनला कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाकडे अभ्यासाला पाठवलं, आणि १९०८ मध्ये त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने शोधनिबंध छापला. निरीक्षणं मोजकीच असताना सरासरीचा अंदाज किती चुकू शकतो, हे सांगणारं जे टी-वितरण आपण आज वापरतो, ते तिथून आलं.

आता माझी फजिती. पहिल्या ऑफर लेटरमधले 'ट्यूशन माफ' हे दोन शब्द वाचून मी घरभर नाचलो होतो. तिथे गेल्यावर कळलं की ट्यूशन माफ असली तरी बाकीच्या फिया भरायच्याच आहेत, आरोग्यविमा वेगळा, आणि स्टायपेंड नऊच महिन्यांचा! उन्हाळ्याचे तीन महिने ज्याचं त्याने बघायचं. म्हणून पत्र आलं की विचारा: किती वर्षांची हमी, वर्षात किती महिने, विमा कोण भरणार. विचारलं म्हणून कोणी ऑफर काढून घेत नाही. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी १५ एप्रिलचा ठराव मान्य केलेला आहे. आर्थिक मदतीच्या ऑफरला त्या तारखेपर्यंत उत्तर द्यायची सक्ती ते करत नाहीत. तेव्हा घाबरून चार दिवसांत 'हो' कळवू नका.

प्राध्यापकांना लिहिण्याबद्दल एकच सांगतो. 'आदरणीय महोदय, आपल्या थोर संशोधनाने मी प्रभावित झालो आहे' अशा मेल मी दुसरी ओळ न वाचता बंद करतो. पण एकदा एका मुलाचा चार ओळींचा मेल आला. माझ्या पेपरमधलं सिम्युलेशन त्याने स्वतः करून पाहिलं होतं. गटात पाचच निरीक्षणं असली, की त्याच्या कोडमध्ये ९५ टक्क्यांचा विश्वास-अंतराल (शंभरपैकी ९५ वेळा खरी सरासरी ज्यात सापडायला हवी, तो पट्टा) खऱ्या सरासरीला ८८ टक्के वेळाच पकडत होता. "माझं कुठे चुकतंय?" एवढंच त्याने विचारलं होतं.

चूक त्याचीच होती. पट्ट्याची रुंदी ठरवताना टी-वितरणातला २.७७६ हा गुणक घ्यायच्या जागी त्याने भरपूर निरीक्षणं असताना चालणारा १.९६ घेतला होता. म्हणजे गॉसेटने १९०८ मध्ये जी दुरुस्ती सांगितली, तीच नेमकी राहिली होती. माझ्या प्रकल्पात तेव्हा एक जागा रिकामी होती. ती मी त्याला दिली.