मान तुकवणारा शिक्का

(पडद्यावर: लाल शाईची डबी. कागदावर ओळीने उमटलेले चार शिक्के.)

हा कागद जरा जवळून बघा. डावीकडचा शिक्का साहेबांचा. तो ताठ आहे. शेजारचे तीन मात्र त्याच्याकडे किंचित कललेले. हात हलला म्हणून नाही हं! जपानमधल्या काही कार्यालयांत, विशेषतः बँकांमध्ये, ही रीतच होती. वरिष्ठांपुढे माणसाने मान तुकवायची, तशी त्याच्या शिक्क्यानेही.

हा 'हांको'. जपानमध्ये सहीच्या जागी हाच चालत आला. घर घ्यायचं तर नगरपालिकेत नोंदवलेला शिक्का, बँकेसाठी वेगळा, पार्सल घ्यायला आणखी एक साधा. हा साधा तर शंभर येनच्या दुकानात मिळतो, आडनावांप्रमाणे मांडलेला. तुमच्या आडनावाचा शिक्का कुणीही उचलून आणावा. तरीही तो उमटल्याशिवाय कागद पुढे सरकत नसे.

2020 साली कोरोना आला. घरून काम करणारे लोक केवळ शिक्का मारायला लोकल पकडून कार्यालयात जाऊ लागले, तेव्हा मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कामांतून हांको हटवायची मोहीम काढली. सरकारला माहिती फ्लॉपी डिस्कवर द्यायचे नियम जायला मात्र 2024 उजाडलं.

डच अभ्यासक खेर्त होफस्टेडे यांनी देशोदेशींचे स्वभाव आकड्यांत मांडले. अनिश्चितता टाळण्याच्या त्यांच्या मोजपट्टीवर जपान 92, भारत 40. म्हणजे जपानी माणूस नव्याला बिचकतो? आम्हाला हे अर्धंच पटतं. 1964 मध्ये शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, धावली ती इथेच. आपल्या भाजीवाल्याच्या हातगाडीवर लटकणारा क्यूआर कोडही इथलाच. 1994 मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तो तयार झाला. आपण त्यावर दहा रुपयांची कोथिंबीर घेऊ लागलो, तेव्हाही जपानमध्ये नोटा-नाणी मोजणं चालूच होतं.

आणि फॅक्स? ज्या लिपीत हजारो चित्राक्षरं, तिला टंकयंत्र कसं पुरणार? फॅक्समध्ये हाताने लिहिलेलं जसंच्या तसं पोचायचं. म्हणून तो घराघरांत शिरला, आणि मग निघेना.

(पडद्यावर: संगणक. माउसने सरकणारं लाल वर्तुळ.)

आता शिक्का पडद्यावरही मारता येतो. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी त्यात एक सोय आठवणीने ठेवली आहे: शिक्का थोडा डावीकडे कलवण्याची.