किनवटचा तीर-कामठा : बांबूच्या एका कामटीत किती अक्कल मावते?

नमस्कार मंडळी. हे बघा, माझ्या दोन हातांत दोन धनुष्यं आहेत.

उजव्या हातातलं लाल-पिवळ्या रंगाचं, गोंडे लावलेलं. एका हस्तकला प्रदर्शनातून मी ते विकत आणलं. वर चिठ्ठी होती, ‘आदिवासी धनुष्य’. कुठल्या गावचं, कुणाच्या हातचं, एक अक्षर नाही. घरी आणून जेमतेम वीतभर ओढलं आणि मधल्या पेरापाशी कडकन आवाज आला. ही चीर दिसतेय का? ते फक्त भिंतीवर टांगण्यासाठी केलेलं होतं, आणि तसं कुणी सांगितलंही नव्हतं.

डाव्या हातातलं काळपट, धुराचा वास असलेलं. हे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातल्या एका कोलाम पोडावरचं, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचं आहे. ज्यांनी केलं त्या बाबांनी ते मला या व्हिडिओपुरतं दिलंय. याला ना रंग, ना गोंडे. पण हे वर्षानुवर्षं ओढलं गेलंय आणि आजही सरळ आहे. आज या डाव्या हाताबद्दल बोलायचंय.

आपल्याकडे याला तीर-कामठा म्हणतात. कामठा म्हणजे धनुष्य, आणि बांबू उभा चिरून काढलेली पट्टी म्हणजे कामटी. शब्दांतच नातं दिसतं.

मराठवाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काळी माती, कापूस, सोयाबीन आणि पाण्याचा टँकर येतो. किनवट-माहूरकडे या, पैनगंगेच्या काठाने. साग आहे, बांबू आहे, मोह आहे. इथे गोंड, कोलाम, आंध राहतात. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा आहे, आणि महाराष्ट्रात सरकारने ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित मानलंय त्यात कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर कोलाम आहेत. बांबूचं काम त्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. टोपल्या, सुपं, तट्टे, आणि कामठा.

आता मूळ प्रश्न. बांबू वाकवला, दोरी बांधली, झालं धनुष्य. यात कारागिरी कसली?

[कामटी हातात घेऊन]

ही साधी कामटी मी वाकवते. बघा, बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. बाहेरची बाजू म्हणजे धनुष्याची पाठ, आपल्याकडची ते पोट. एकाच वस्तूच्या एका अंगाला ओढ सोसायची आहे आणि दुसऱ्या अंगाला दाब. जगातल्या प्रत्येक धनुष्य करणाऱ्याला हेच कोडं सोडवावं लागलं.

मध्य आशियापासून कोरियापर्यंतच्या कारागिरांनी ते असं सोडवलं. मध्ये लाकूड, पोटाला म्हशीचं शिंग, पाठीला जनावरांचे स्नायुतंतू. शिंग दाब सोसतं, स्नायू ताण सोसतात, आणि सगळं सरसाने चिकटवायचं. आपल्याकडची मुघल काळातली कमान याच जातीची. दोरी काढली की ती उलट्या दिशेला वळते, इतकी ओढ तिच्यात भरलेली असते. करायला महिनोन्‌महिने लागतात. आणि पावसाळ्यात दमट हवेने सरस सैल पडतो. हिंदुस्थानात पोलादी धनुष्यं घडवली गेली त्याचं एक कारण तेच. पोलादी धनुष्यात सरसच नाही, त्यामुळे दमट हवेने ते सैल पडायचा प्रश्न नाही.

बांबूने मात्र हे कोडं उगवतानाच निम्मं सोडवलेलं असतं. बांबूचा तुकडा आडवा कापून बघा. सालीजवळ काळसर ठिपके दाट दिसतात, आत जाल तसे विरळ होतात. ते ठिपके म्हणजे धागे. सगळी ताकद सालीलगत. म्हणून बाबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, “माय, आतून तासायचं. सालीला कोयता लागू द्यायचा नाही.” प्रदर्शनातलं ते धनुष्य का फुटलं, ते मला तेव्हा कळलं. गुळगुळीत दिसावं, रंग नीट बसावा म्हणून त्याची साल घासून काढली होती, पेरांचे उंचवटे छाटून सपाट केले होते. ज्याच्यावर सगळा भार, तेच काढून टाकलेलं.

बाबांच्या अंगणात मी तीन दिवस बसले. पहिला दिवस बांबू निवडण्यातच गेला. कोवळा नको, तो वाकतो पण परत येत नाही. तीन पावसाळे झालेला हवा. इकडे मानवेल म्हणतात तो बांबू घेतात, कारण तो आतून जवळजवळ भरीव असतो. बाबा बांबूला कोयत्याच्या पाठीने टकटक करायचे, कान लावायचे, पुढे जायचे. मला सगळे आवाज एकसारखेच ऐकू आले. त्यांनी अकरावा का बारावा बांबू पसंत केला.

मग चिरणं, आणि मग तासणं. मधे मुठीपाशी जाड, टोकांकडे निमुळतं. हे दिसायला बरं म्हणून नाही. दोरी सोडल्यावर बाणाबरोबर धनुष्याची टोकंही पुढे झेपावतात. टोकं जड असतील तर निम्मा जोर त्यांनाच हलवण्यात जातो आणि बाणाला उरलंसुरलं मिळतं. टोकं हलकी, तर बाण चपळ.

यानंतरचं काम मी आयुष्यभर विसरणार नाही. बाबांनी कच्ची दोरी चढवली, मूठ पायाच्या अंगठ्याखाली धरली आणि दोरी हळूहळू वर ओढली. डोळे अर्धे मिटलेले. मला म्हणाले, “बघ, डावीकडचा हात आळशी आहे.” धनुष्याच्या दोन बाजूंना ते हातच म्हणत होते. मी वाकून पाहिलं तर मला दोन्ही सारखेच दिसले. त्यांनी दोरी उतरवली, फुटक्या काचेचा तुकडा घेतला आणि डाव्या बाजूला आतून फक्त दोनदा खरवडलं. दोनदाच. इतका बारीक भुसा पडला की फुंकर मारली तर उडून जाईल. परत दोरी, परत ओढणं. असं मी मोजलं, एकोणीस वेळा. शेवटी दोन्ही हात चंद्रकोरीसारखे सारखे वळले. त्यांच्याजवळ ना पट्टी, ना काटा. एका बाजूला जास्त खरवडलं गेलं असतं तर भरून काढायला काही उपाय नव्हता, दुसरी कामटी घ्यावी लागली असती.

मग शेकणं. निखाऱ्यावर, ज्वाळेवर नाही. मोहाच्या बियांचं तेल चोळत चोळत. ओल निघते, बांबू ताठ होतो, किडीचं भय कमी होतं.

दोरीबद्दल एक गोष्ट सांगते, ही मला फार आवडते. भिल्लांच्या कामठ्याला दोरीसुद्धा बांबूचीच असते, सालीची पातळ पट्टी. का? सुताची दोरी ताणली की लांबते, आणि तिच्या त्या लांबण्यात जोर मुरतो. बांबूची पट्टी जवळपास लांबतच नाही, वर हलकी असते. आपण ओढलं त्यातला जास्त जोर बाणाला मिळतो. एका झाडाचं धनुष्य आणि त्याच झाडाची दोरी! झाड म्हटलं मी, पण बांबू म्हणजे गवत. आपल्या कायद्याने मात्र 1927 पासून त्याला झाड मानलं होतं. जंगलाबाहेर लावलेल्या बांबूची त्या व्याख्येतून सुटका झाली ती 2017 साली. त्याआधी 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात घेतलं. तोडायच्या आणि नेण्याच्या परवानगीच्या चक्रात या कारागिरांची किती वर्षं गेली असतील, याचा विचार मला बाबांच्या अंगणात सारखा येत होता.

शिकारीचं कुणी विचारेल म्हणून सांगते. 1972 च्या कायद्याने वन्यप्राण्यांची शिकार बंद आहे आणि ती बंदच राहायला हवी. बाबांचा कामठा आता नेम धरायला, सणावाराला, पोरांना शिकवायला. पण कामठा फक्त शिकारीचा असं आपण धरून बसलो, म्हणून शिकार संपल्यावर तो करणाराही संपला तरी चालेल असं आपल्याला वाटू लागलं. माझी खरी तक्रार ही आहे.

कारण बाहेर बघा. कोरियात धनुष्य आणि बाण करण्याच्या कलेला 1971 मध्ये राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला, आणि ती कला धारण करणाऱ्या माणसाला नावानिशी मान आहे. जपानचं यूमी हे धनुष्य दोन मीटरहून उंच. त्याची मूठ मधे नसते, खालच्या तिसऱ्या भागात असते, आणि त्याच्या पाठीलाही बांबू, पोटालाही बांबू. मियाकोनोजो नावाचं शहर ते करणाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. भूतानचा तर तिरंदाजी हा राष्ट्रीय खेळच, नेम सुमारे 140 मीटरवर, आणि परंपरेचं धनुष्य बांबूचं.

आणि आपल्याकडे? राजस्थानचा लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर नेम शिकला आणि ऑलिम्पिकपर्यंत गेला. झारखंडच्या दीपिका कुमारीची सुरुवातही घरच्या बांबूच्या धनुष्याने. देशात ‘इंडियन राउंड’ नावाचा स्पर्धेचा प्रकार आजही आहे, बांबूच्या किंवा लाकडी धनुष्याने 30 आणि 50 मीटरवर. नेम धरणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ आहेत, असायलाच हवीत. त्या पहिल्या धनुष्याला तासणारे हात कुणाचे होते, हे कुणी विचारलंच नाही.

मराठवाड्यात आणखी एक कमान होती, ती तर आपण धनुष्यात मोजतच नाही. पिंजाऱ्याची. मी परभणीची. थंडी लागायच्या आत आजी पिंजारीकाकांना निरोप धाडायची. ते खांद्यावर ती लांबलचक कमान घेऊन यायचे, तिला जनावराच्या आतड्याची तात. कापसाच्या ढिगाऱ्यात तात धरून लाकडी ठोकळ्याने तिच्यावर ठोका मारला की घुमणारा आवाज, आणि दबून गोळा झालेला जुना कापूस ढगासारखा वर. इथे वाकायचं काम लाकडाला नाही, थरथरायचं काम तातीला. तात किती ताणायची ते काका बोटाने टिचकी मारून, कानाने ठरवायचे. बाबा बांबूला कान लावत होते ना, तेव्हा मला तेच काका आठवले.

तुम्हाला असा कामठा घ्यायचा असेल तर तीन गोष्टी. साल शाबूत आहे का बघा. दोरी चढवून, अर्धी ओढून, दोन्ही हात सारखे वळतात का बघा. आणि करणाऱ्याचं नाव-गाव विचारा, विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर घेऊ नका. घरी आणल्यावर काम झालं की दोरी उतरवून ठेवा, नाहीतर बांबू वाक धरतो. आणि बाण न लावता दोरी कधीच सोडायची नाही. बाणाला मिळायचा जोर धनुष्यातच परत फिरतो आणि ते फुटतं. मुलांच्या हातात देताना समोर कुणी नाही याची खात्री तुम्ही करायची.

निघताना बाबांनी मला उभं केलं, हात आडवा करायला लावला, आणि एका नव्या कामटीवर कोळशाने खूण केली. माझं माप. “आत्ता ओली आहे,” म्हणाले, “होळी झाली की ये.” ती कामटी त्यांच्या चुलीच्या वर आढ्याला बांधलेली आहे. हा तिचा फोटो, ती काळी रेघ दिसतेय ना, ती.