राजाच्या बाजूने उभे राहिलेले अमेरिकन

२६ ऑगस्ट १७६५ च्या रात्री बोस्टन शहरात एका घराचे दार कुऱ्हाडींनी फोडण्यात आले. ते घर थॉमस हचिन्सन यांचे होते. ते मॅसॅच्युसेट्स वसाहतीचे उपगव्हर्नर होते आणि मुख्य न्यायाधीशही. पहाटेपर्यंत जमावाने आतल्या भिंती पाडल्या, छपरावरचा घुमट उतरवला, रोकड आणि चांदीची भांडी नेली, आणि कित्येक वर्षे खपून हचिन्सन यांनी लिहिलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासाचे हस्तलिखित रस्त्यावरच्या चिखलात फेकून दिले. शेजारच्या एका पाद्रीने ती पाने वेचली, म्हणून ती वाचली. चिखलाचे डाग त्यांच्यावर आजही आहेत. जमावाचा राग होता तो ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींवर लादलेल्या, कागदपत्रांवर कर बसवणाऱ्या मुद्रांक कायद्यावर. हा कायदा करू नये असे मत हचिन्सन यांनी आधीच लंडनला कळवले होते. मात्र कायदा झाल्यावर तो पाळलाच पाहिजे, असेही ते मानत होते, आणि त्या रात्री त्यांच्या विरोधकांना त्यांच्या मतातला हा दुसरा भागच तेवढा दिसला.

‘राजनिष्ठ’ हा शब्द मराठी कानाला गोड लागत नाही. टिळकांवरचे राजद्रोहाचे खटले अभिमानाने सांगणाऱ्या आपल्या भाषेत राजनिष्ठा म्हटले की रावबहादूर ही पदवी, दरबारातली खुर्ची आणि परक्या सरकारपुढे झुकलेली मान डोळ्यांसमोर येते, आणि आपला इतिहास पाहता हे स्वाभाविक आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश राजाची बाजू घेणाऱ्या तिथल्या राजनिष्ठांची गोष्ट समजून घेताना मात्र हे चित्र बाजूला ठेवावे लागते, कारण हचिन्सन यांना इंग्लंडचा राजा परका नव्हता. भाषा तीच, कायदा तोच, धर्मग्रंथही तोच. त्यांचे घराणे शतकाहून अधिक काळ मॅसॅच्युसेट्समध्ये नांदत होते. त्यांच्या खापरपणजीला, ॲन हचिन्सन यांना, धर्ममतांवरून याच वसाहतीने हद्दपार केले होते, तेव्हा स्थानिक बहुमत किती कठोर होऊ शकते हे त्या घराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

वसाहतींनी राजमुकुटापासून वेगळे होऊ नये, असे म्हणणाऱ्यांचा पहिला आधार सार्वभौम सत्तेविषयीच्या विचाराचा होता. जानेवारी १७७३ मध्ये गव्हर्नर म्हणून विधानसभेपुढे बोलताना हचिन्सन यांनी सांगितले की, पार्लमेंटची सर्वोच्च सत्ता आणि वसाहतींचे पूर्ण स्वातंत्र्य यांच्यामध्ये आखता येईल अशी एकही रेषा आपल्याला दिसत नाही. एका राज्यात दोन सर्वोच्च विधिमंडळे राहू शकत नाहीत, असा त्यांचा दावा होता. सभेने उत्तर दिले की अशी रेषा नसेल तर वसाहतींचे नाते पार्लमेंटशी नसून केवळ राजाशी आहे. हे उत्तर नीट ऐकले पाहिजे, कारण त्यामुळे या झगड्याचे रूढ चित्र पुष्कळसे उलटे होते. पुढे बंडखोर ठरलेले लोक १७७५ पर्यंत राजाचाच जयजयकार करत होते आणि पार्लमेंटच्या जुलमातून राजाने आपल्याला सोडवावे, असे अर्ज पाठवत होते. मुद्रांक कायदा रद्द झाल्याच्या कृतज्ञतेपोटी न्यूयॉर्ककरांनी बोलिंग ग्रीन येथे तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा अश्वारूढ पुतळा १७७० मध्ये उभा केला. ९ जुलै १७७६ रोजी तो खाली ओढला गेला आणि त्याच्या शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या ओतल्या गेल्या.

या सहा वर्षांत राजाने वसाहतींची हाक का ऐकली नाही? तो जुलमी होता, हे उत्तर सोपे आहे. पण ते पुरे पडत नाही. १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर इंग्लंडच्या राजाची सत्ता पार्लमेंटमध्ये बसून, तिच्या संमतीने चालत होती. पार्लमेंटला डावलून वसाहतींशी स्वतंत्र नाते जोडणे म्हणजे आधीच्या शतकात स्टुअर्ट राजांनी केलेला गुन्हा पुन्हा करणे ठरले असते. आपण विधिमंडळाची लढाई लढत आहोत, असे तिसऱ्या जॉर्जने पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांना लिहिले होते, आणि त्या शब्दांत खोटेपणा होता असे मला वाटत नाही. वसाहतींना हवा होता पार्लमेंटवर अंकुश ठेवणारा राजा. लंडनमध्ये होता पार्लमेंटने बांधलेला राजा. राजनिष्ठांना हा फरक समजत होता, म्हणूनच स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सगळा दोष एकट्या राजाच्या माथी मारलेला पाहून हचिन्सन यांनी लंडनमधून त्याचे कलमवार खंडन लिहिले.

दुसरा आधार तत्त्वज्ञानाचा नव्हता. तो रोजच्या अनुभवाचा होता. १७७४ च्या अखेरीस वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, ब्रिटिश मालावर बहिष्कार पुकारला आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी गावोगावी समित्या नेमल्या. कोण चहा पितो, कोण काय विकतो, कोण काय बोलतो यावर शेजारीच पाळत ठेवू लागले, आणि चुकणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात छापले जाऊ लागले. न्यूयॉर्क वसाहतीतील वेस्टचेस्टरचे पाद्री सॅम्युअल सीबरी यांनी शेतकऱ्याचे नाव धारण करून याविरुद्ध पत्रके लिहिली. गुलामच व्हायचे असेल तर निदान राजाचे व्हावे, समितीतल्या उपटसुंभांचे होऊ नये. खाल्लेच जायचे असेल तर सिंहाच्या जबड्यात जावे, उंदरांनी कुरतडून मरू नये, असा त्यांचा रोख होता. त्यांना उत्तर देणारा तरुण विद्यार्थी म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेला अलेक्झांडर हॅमिल्टन. सीबरींना बंडखोरांनी पकडून काही आठवडे कनेक्टिकटमध्ये कोंडून ठेवले. जानेवारी १७७४ मध्ये बोस्टनमधील जॉन माल्कम या जकात अधिकाऱ्याला भर थंडीत उघडे करून अंगावर गरम डांबर ओतले गेले, वर पिसे चिकटवून गावभर फिरवले गेले. त्यामुळे दूरच्या राजाची सत्ता ही जवळच्या जमावापासून वाचवणारी ढाल आहे, असे या लोकांना वाटले, तर तो केवळ लाचारीचा विचार नव्हता.

मेरीलंडमध्ये जोनाथन बाउचर हे पाद्री भरलेली पिस्तुले जवळ ठेवून प्रवचन करत आणि राजसत्ता ईश्वरदत्त असल्याचे सांगत. या मताला अमेरिकेत फारसे अनुयायी नव्हते. जोसेफ गॅलोवे यांची भूमिका याहून कितीतरी महत्त्वाची होती. पेनसिल्व्हेनिया विधानसभेचे हे अध्यक्ष सप्टेंबर १७७४ मध्ये पहिल्या काँग्रेसला प्रतिनिधी म्हणून हजर होते आणि त्यांनी तेथे एक पूर्ण आराखडा मांडला. सर्व वसाहतींनी निवडलेली एक महासभा असावी, राजाने नेमलेला एक महाध्यक्ष असावा, आणि अमेरिकेविषयीच्या कोणत्याही कायद्याला ही महासभा आणि ब्रिटिश पार्लमेंट या दोघांची संमती लागावी, असे त्याचे स्वरूप होते. वसाहतींना प्रतिनिधित्व नाही ही तक्रार गॅलोवे नाकारत नव्हते. राजमुकुट न सोडता ती दूर करता येईल असे त्यांचे म्हणणे होते. सहा वसाहतींविरुद्ध पाच अशा मतांनी हा आराखडा बाजूला पडला आणि पुढे काँग्रेसच्या कामकाजाच्या नोंदींतूनही तो वगळला गेला. एका मताने बाजूला पडलेला विचार कागदावरही राहू नये, याचे मला आजही वाईट वाटते.

१७७५ मध्ये गॅलोवे यांच्या फिलाडेल्फियाजवळच्या घरी तीन माणसे भेटली: स्वतः गॅलोवे, त्यांचे जुने मित्र बेंजामिन फ्रँकलिन आणि फ्रँकलिन यांचे चिरंजीव विल्यम. आकाशातील वीज पतंगाने पकडण्याच्या प्रसिद्ध प्रयोगात विल्यम वडिलांच्या सोबत होते, आणि वडिलांचे वजन असतानाच ते न्यू जर्सीचे गव्हर्नर झाले. त्या भेटीत वडिलांनी सांगितले की आपण स्वातंत्र्याच्या बाजूने आहोत. गॅलोवे आणि विल्यम यांनी राजाची बाजू सोडली नाही. जून १७७६ मध्ये विल्यम यांना अटक झाली. पुढे त्यांना कनेक्टिकटमधील लिचफिल्डच्या तुरुंगात महिनोन्‌महिने एकांतात ठेवले गेले, आणि १७७७ मध्ये पत्नी एलिझाबेथ न्यूयॉर्कमध्ये मरणाच्या दारात असताना तिला भेटण्याची परवानगीही मिळाली नाही. युद्ध संपल्यावर विल्यम यांनी समेटाचे पत्र पाठवले. वडिलांनी उत्तरात लिहिले की उतारवयात एकुलत्या एका मुलाने आपल्याला सोडावे, एवढेच नव्हे तर आपल्याविरुद्ध शस्त्र धरावे, याइतके दुसऱ्या कशानेही आपल्याला दुखवले नाही. मृत्युपत्रात त्यांनी विल्यमला जवळजवळ काहीच ठेवले नाही. ज्याने राजाची शपथ घेतली होती आणि ती मोडली नाही, त्या मुलाला ही शिक्षा मिळाली.

राजमुकुटाकडे रक्षक म्हणून पाहणाऱ्यांत गोऱ्या वसाहतकारांखेरीज इतरही होते, आणि त्यांची बाजू मला सर्वांत वजनदार वाटते. १७६३ च्या राजघोषणेने ॲपलेशियन पर्वतरांगेच्या पश्चिमेला गोऱ्यांनी वस्ती करू नये अशी सीमा आखली होती. ती अनेकदा मोडली गेली, तरी मोहॉक या मूळ रहिवासी जमातीचे नेते जोसेफ ब्रँट यांच्यासारख्यांना जमिनीसाठी हपापलेल्या शेजाऱ्यांपेक्षा दूरच्या राजाचा शब्द अधिक विश्वासाचा वाटला. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचे गव्हर्नर लॉर्ड डनमोर यांनी जाहीर केले की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने लढायला येतील ते स्वतंत्र होतील. यात युद्धाचा हिशोब होता हे उघड आहे, कारण राजनिष्ठ मालकांच्या गुलामांना ही घोषणा लागू नव्हती आणि पुढे देश सोडताना राजनिष्ठांनी सुमारे १५,००० गुलाम सोबत नेले. तरीही हजारो माणसे जिवावर उदार होऊन ब्रिटिश छावण्यांकडे धावली, कारण स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याने त्यांना काहीच देऊ केले नव्हते.

राजनिष्ठांच्या विचारातली उणीवही सांगितली पाहिजे. जवळच्या समितीला जाब कोण विचारणार, हा त्यांचा प्रश्न खरा होता. पण दूरच्या पार्लमेंटला जाब कोण विचारणार, या प्रश्नाला गॅलोवे वगळता फार थोड्यांनी उत्तर शोधले. शिवाय निष्ठेच्या बदल्यात संरक्षण, हा इंग्रजी कायद्यातला जुना करार राजमुकुट शेवटपर्यंत पाळील, असे त्यांनी गृहीत धरले.

१७८३ मध्ये पॅरिसचा तह झाला आणि ब्रिटनने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य केले. त्याआधी मंत्रिमंडळाच्या पेचात सापडलेल्या तिसऱ्या जॉर्जने राज्यत्यागाच्या निवेदनाचा मसुदा लिहून ठेवला होता. तो कधी वाचला गेला नाही. तहात राजनिष्ठांच्या जप्त मालमत्तेसाठी एवढेच कलम आले की काँग्रेस राज्यांना शिफारस करील. मूळ रहिवासी जमातींचा तहात उल्लेखच नव्हता, आणि त्यांच्या भूमी नव्या राष्ट्राच्या हद्दीत टाकल्या गेल्या. सुमारे ६०,००० राजनिष्ठ देश सोडून गेले. त्यांतले निम्म्याहून अधिक नोव्हा स्कोशिया आणि क्वेबेककडे गेले, बाकीचे इंग्लंड, जमैका आणि बहामा बेटांवर पांगले. त्यांच्यासाठी १७८४ मध्ये न्यू ब्रन्सविक हा नवा प्रांत काढला गेला, आणि त्याच वर्षी ब्रँट यांच्या लोकांना ग्रँड नदीच्या दोन्ही काठांची जमीन मिळाली. लंडनमध्ये नेमलेल्या आयोगापुढे नुकसानभरपाईचे तीन हजारांवर अर्ज आले. हरवलेल्या घरांच्या, गुरांच्या, भांड्यांच्या त्या याद्या वाचताना फाळणीनंतरच्या निर्वासितांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

या पराभवाचे धागे आपल्या इतिहासापर्यंतही येतात. यॉर्कटाऊनला १७८१ मध्ये ज्यांच्या सैन्याने शरणागती पत्करली, ते लॉर्ड कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आले, आणि टिपूविरुद्धच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्यांच्या जोडीला होत्या. १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांच्या वेढ्यापुढे दिल्ली राखणाऱ्यांपैकी डेव्हिड ऑक्टरलोनी यांचा जन्म तर बोस्टनचाच.

हचिन्सन १७७४ मध्येच इंग्लंडला गेले होते. ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली तो दिवस ४ जुलै १७७६ होता. इंग्लंडमधल्या सरदाराच्या वाड्यापेक्षा न्यू इंग्लंडमधल्या साध्या शेतघरात मरण यावे, असे ते लिहीत. १७८० मध्ये ते लंडनजवळ वारले. मॅसॅच्युसेट्सने त्यांना नावानिशी हद्दपार केले होते.

राजाने मात्र १७८५ च्या जूनमध्ये ब्रिटनमधले अमेरिकेचे पहिले राजदूत जॉन ॲडम्स यांना भेटीला बोलावले आणि सांगितले की वेगळे होण्याला संमती देणाऱ्यांत आपण शेवटचे होतो, पण ते घडून गेल्यावर स्वतंत्र राष्ट्र म्हणून अमेरिकेच्या मैत्रीचे स्वागत करणाऱ्यांत आपण पहिले असू.

शेवटी एका नोंदवहीकडे पाहू. ती १७८३ ची आहे. न्यूयॉर्कमधून जाणाऱ्या सुमारे ३,००० कृष्णवर्णीयांची नावे तिच्यात आहेत. मे महिन्यात जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ब्रिटिश सेनापती गाय कार्लटन यांच्याकडे पळालेले गुलाम परत मागितले, तेव्हा कार्लटन यांनी उत्तर दिले की राजाच्या नावाने दिलेला शब्द मोडता येणार नाही. या नोंदींत हॅरी वॉशिंग्टन असे एक नाव आहे. हा माणूस माउंट व्हर्नन येथे जॉर्ज वॉशिंग्टन यांचाच गुलाम होता आणि डनमोर यांच्या सैन्याकडे पळून गेला होता. नोव्हा स्कोशियात त्याला कडाक्याची थंडी आणि निकृष्ट जमीन मिळाली, म्हणून १७९२ मध्ये तो सुमारे १,२०० जणांसोबत आफ्रिकेला, सिएरा लिओनमधील फ्रीटाउनला गेला. जमिनीवर सारा नाही, असे आश्वासन तिथे जाताना दिले गेले होते. वसाहत चालवणाऱ्या कंपनीने सारा मागितला. १८०० मध्ये वसाहतीतील काही लोकांनी स्वतःचे कायदे लिहून जाहीर केले, तेव्हा ब्रिटिश सैनिकांनी ते बंड मोडले, दोघांना फाशी दिली, आणि हद्दपार केलेल्यांच्या यादीत हॅरी वॉशिंग्टन हे नाव लिहिले.