पाणी नेमकं कुठं मुरतं?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेत माझा विषय ‘जमिनीतल्या पोहण्याच्या तलावांसाठी हलक्या सिमेंट मिश्रणांची वर्केबिलिटी सुधारण्याचे उपाय’ असा छापला आहे. वर्केबिलिटी म्हणजे ओला माल किती सहज पसरतो आणि घोटता येतो ते. एवढं लांबलचक नाव वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एक तर याच धंद्यातले आहात, नाही तर बाहेर ऊन फार आहे. मला दोन्ही चालेल. चाळीस मिनिटं दिली आहेत. उपाय शेवटच्या पंधरा मिनिटांत सांगतो, तोवर थोडं मनातलं बोलू द्या.

सभागृह जाणकार आहे, त्यामुळे व्हाइनिल लायनरचा, म्हणजे आतून प्लास्टिकची चादर पसरलेला, तलाव कसा असतो हे सांगत बसत नाही. भिंतींची पॅनेलं उभी राहिली, खड्ड्याचा तळ कापून झाला, की त्यावर साधारण 50 मिलिमीटरचा जो थर बसतो त्याबद्दल आपण बोलतोय. सिमेंट आणि व्हर्मिक्युलाइट, किंवा सिमेंट आणि पर्लाइट, दोन्ही भट्टीत फुगवलेले हलके दाणे. या थराला फारसा भार पेलायचा नसतो, पाण्याचं वजन खालची जमीन घेते. एक-दीड मेगापास्कलची ताकद मिळाली तरी पुरे. पण वर येणारा लायनर अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचा, त्यामुळे खालचा एक खडासुद्धा पाण्यातून दिसतो. पोहणाऱ्याच्या टाचेला तर तो दिसण्याआधीच कळतो. म्हणजे माल उतारावर थांबला पाहिजे, थापीखाली लोण्यासारखा सरकला पाहिजे आणि घोटल्यावर गुळगुळीत झाला पाहिजे. थांबायचंही आणि सरकायचंही. इथेच सगळी गोची आहे.

आता माझी जुनी तक्रार. ज्यांनी आधी ऐकली असेल त्यांनी चहा घेऊन यावं.

एका कामावर तपासणीसाठी एक साहेब आले. नाव, हुद्दा काही सांगत नाही. माणूस सज्जन, कपडे परीटघडीचे, आणि हातात स्लम्पचा शंकू, म्हणजे माल भरून वर उचलायचा आणि माल किती खाली बसतो ते मोजायचं साधन. तोच आपला 300 मिलिमीटर उंच, खाली 200, वर 100. त्यांनी तो नियमाप्रमाणे तीन थरांत भरला, प्रत्येक थराला सळईने पंचवीस ठोसे दिले. व्हर्मिक्युलाइटच्या मालाला ठोसे! मी मान दुसरीकडे वळवली. मग शंकू अलगद उचलला. माल जिथल्या तिथे उभा. कड सुद्धा ढळली नाही. साहेबांनी पट्टी लावली, वाकून बघितलं, पुन्हा लावली आणि निकाल दिला, “स्लम्प शून्य. माल कोरडा आहे. पाणी घाला.”

शेजारी मिस्त्री उभा होता. त्याने मुठीत थोडा माल घेऊन दाबला. बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब आले, मूठ उघडली तर गोळा शाबूत. त्याने तो गोळा साहेबांपुढे धरला आणि म्हणाला, “साहेब, याच्यात पाणी भरपूर आहे.” साहेबांनी गोळ्याकडे पाहिलं नाही, पट्टीकडे पाहिलं. पट्टीवर आकडे असतात ना.

शंकूतला माल कशामुळे खाली बसतो? स्वतःच्या वजनामुळे. नेहमीचं काँक्रीट घनमीटरला 2400 किलो, म्हणजे तीनशे मिलिमीटर उंचीच्या तळाशी साधारण 7000 पास्कल दाब. आपला ओला माल घनमीटरला आठ-नऊशे किलो, म्हणजे दाब अडीच हजारांच्या आसपास. खाली ओढणारा जोर तिसऱ्या हिश्श्यावर आला, तर तितकाच सैल माल कमी बसणार. यात मालाचा काय दोष? शंकू साध्या खडी-वाळूच्या काँक्रीटसाठी चांगला आहे, त्याच्याशी माझं वैर नाही. पण घनता बदलली की तो वर्केबिलिटी सांगत नाही, निम्मीअधिक गोष्ट वजनाचीच सांगतो.

असो. पाणी घातलं. साहेबांचा आग्रह म्हणून घातलं. नळी मिक्सरमध्ये गेली आणि शंकूतला माल खाली बसला, साहेब समाधानाने गेले. पुढचं ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. दाणे पाण्याहून हलके, ते वर आले. सिमेंटचं पाणी उतारावरून ओघळून खोल भागात जमा झालं. दुसऱ्या दिवशी उतारावर बोट फिरवलं की भुसा हातात यायचा, आणि तळाशी सिमेंटची कडक खपली, तिला जाळीदार भेगा. एकाच तलावात दोन वेगळे माल, आणि दोन्ही फुकट. उतार खरवडून पुन्हा केला. खर्च कोणी भरला हे विचारू नका, इथे ठेकेदार बसले आहेत, त्यांना उत्तर ठाऊक आहे.

मग पाणी जातं कुठं? व्हर्मिक्युलाइट हे अभ्रकाच्या कुळातलं खनिज. थरांच्या मधे पाणी अडकलेलं असतं. भट्टीत 900-1000 अंशांच्या आसपास एकदम तापवलं की त्याची वाफ होते आणि थर हार्मोनियमच्या भात्यासारखे उघडतात. दाणा मूळच्या कित्येक पट लांब होतो. मग त्या फटी सिमेंटचं पाणी पितात, स्वतःच्या वजनाच्या दोन-तीन पट सुद्धा. पर्लाइटचं वेगळं. ती ज्वालामुखीची काच, पोटात दोन ते पाच टक्के पाणी. तापल्यावर मऊ होते आणि आतल्या वाफेने फुगते. तिचे बरेच बुडबुडे बंद राहतात, म्हणून ती पाणी पिते ते मुख्यतः पृष्ठभागावरच्या फुटक्या खळग्यांत.

आता इमारतीच्या कामातला इंजिनिअर आपलं प्रमाण बघून घाबरतो. अमेरिकन संशोधक डफ एब्रॅम्सने 1918 मध्ये सांगितलं की पाणी-सिमेंट गुणोत्तर वाढलं की ताकद घटते, आणि ते खरंच आहे. इथे तर पाण्याचं वजन सिमेंटपेक्षाही जास्त! पण त्यातलं बरंचसं दाण्यांच्या पोटात असतं, सिमेंटच्या वाट्याला येतच नाही. म्हणूनच आणखी पाणी ओतलं की आधी काहीच होत नाही, दाणे पितात. आणखी ओतलं, तरी काही नाही. मग एकदम माल पळायला लागतो. मधली पायरी सापडतच नाही. मिस्त्री बिचारा नळी हातात धरून त्या पायरीची वाट बघत असतो.

याहून फसवा प्रकार म्हणजे जास्त वेळ मिक्सर फिरवणं. थोडा वेळ फिरवलं की माल आपोआप सैल होतो, आणि सगळे खूश, ‘बघा, जमला!’ जमला कसला, दाणे चिरडले गेले. भात्याच्या फटी मिटल्या, आतलं पाणी बाहेर आलं, म्हणून सैल झाला. घनता वाढली, आकारमान घटलं, आणि संध्याकाळी कळतं की हिशोबाचा माल अर्ध्या तळालाच संपला. मग गोण्या कोणी चोरल्या म्हणून वॉचमनवर संशय. गोणी चोरीला जात नाही हो, मिक्सरमध्येच मरते.

हलकं काँक्रीट म्हटलं की कोणीतरी रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिराचं नाव काढतं, मीच काढतो म्हणजे विषय संपला. घुमट 43 मीटरचा, आणि वरच्या भागात प्युमिस, म्हणजे तीसुद्धा फुगलेली ज्वालामुखीची काचच. त्यांना शंकू माहीत नव्हता, त्यामुळे बरं झालं. शिवाय पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत फुगवलेल्या शेलच्या, म्हणजे चिखलापासून बनलेल्या थरांच्या दगडाच्या, काँक्रीटची जहाजं बांधली. ‘सेल्मा’ नावाचं त्यातलं एक 1919 मध्ये पाण्यात उतरलं, पुढच्याच वर्षी धक्क्यावर आपटलं, आणि शेवटी टेक्सासच्या किनाऱ्याजवळ बुडवून टाकलं. आज त्याचा सांगाडा तिथंच आहे. काँक्रीट पाण्यात तरंगवण्याची हौस आपल्यालाच नाही एवढंच सांगायचं होतं. तुम्ही हसलात, म्हणजे अजून जागे आहात.

खरी उपयोगाची गोष्ट 1930च्या दशकातली आहे. अमेरिकेतल्या काही रस्त्यांचे तुकडे थंडीत फुटत नव्हते, शेजारचे फुटत होते. शोध घेतला तर सिमेंट दळताना गिरणीत गुरांची चरबी घातलेली. त्या चरबीमुळे काँक्रीटमध्ये बारीक बुडबुडे तयार झाले होते. एअर एन्ट्रेनिंग, म्हणजे मालात मुद्दाम बारीक बुडबुडे धरण्याची रीत, अशी सुरू झाली, आणि सगळ्यांनी ती थंडीचं औषध म्हणून लक्षात ठेवली. आपल्या मालाला थंडीशी देणंघेणं नसलं तरी हे बुडबुडे लागतातच. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे: हलका माल सैल करायचा तो पाण्याने नाही, हवेने. एरवी हवा वाढली की ताकद घटते म्हणून आपण तिला घाबरतो. इथे ताकद मागितलीच कोणी आहे?

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. “दहा मिनिटे.” म्हणजे पंधरा मिनिटांचे उपाय गेले. भराभर सांगतो, लिहून घ्या.

बुडबुडे बहुतेक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून बारीक असतात. ते सिमेंटच्या पेस्टचं आकारमान पाणी न वाढवता वाढवतात, त्यामुळे दाण्यांभोवती जाड वेढा बसतो, माल थापीखाली सरकतो आणि पाणी वर सुटत नाही. बुडबुडे करणारं रसायन कंपनीच्या पत्रकाप्रमाणेच घ्या. भांडी घासायचा साबण घालू नका. फेस येतो, पण तो टिकत नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी मोजलेलं पाणी, त्यात रसायन, मग सिमेंट, पातळ एकजीव रबडा होऊ द्या. दाणे सगळ्यात शेवटी. आकारमानाने एका सिमेंटला पाच ते सहा दाणे हा नेहमीचा अंदाज. सगळे ओले दिसले की मिक्सर बंद, उगाच फिरवत ठेवायचं नाही. ड्रमपेक्षा पात्यांचा, गिलाव्याच्या मालाचा मिक्सर बरा.

सुपरप्लास्टिसायझरवर पैसे घालवू नका. तो सिमेंटचे कण सुटे करतो, पेस्ट पातळ होते आणि उतारावरून पळते. आपली अडचण उलटी आहे. माल पळतच असेल तर थोडं मिथाइल सेल्युलोज घाला, पाणी धरून ठेवतं. सिमेंटचा काही भाग चुन्याने बदलला तरी घोटाई सुधारते. फ्लाय अॅशचे, म्हणजे कोळशाच्या बारीक राखेचे, गोल कणही मदत करतात, पण माल उशिरा बसतो, हे कामाच्या वेळापत्रकात धरा.

खड्ड्याचा तळ कोरडा असेल तर आधी पाणी शिंपडा, नाही तर जमीन मालातलं पाणी ओढते आणि थापी अडते. खोल भागाच्या उतारांपासून सुरुवात करा. आधी रंध्याने समतल, पृष्ठभाग जरा आवळला की गोल टोकांची पोलादी थापी. घोटताना वरून पाणी मारू नका.

आणि शंकूऐवजी काय? बादली. दहा लिटरची, काठोकाठ भरायची, ठोसे नाहीत, आणि वजन करायचं. आठ-नऊ किलो आलं तर ठीक. प्रत्येक घाण्याला करा. वजन चढायला लागलं की समजा, दाणे चिरडताहेत किंवा हवा गेली. सोबत मिस्त्रीची मूठ. आकडा लिहायला हवा असेल तर बादलीचा लिहा.

घंटा झाली. एकच प्रश्न घेतो. हो, तुम्ही. थर्माकोलचे मणी चालतील का? चालतात, पण ते पाणी पीतच नाहीत आणि सिमेंट त्यांना चिकटत नाही, म्हणून वर तरंगून येतात. आधी मणी पॉलिमरच्या पाण्यात ओले करून घ्या आणि पेस्ट घट्ट ठेवा. तरी लायनरखाली मी वापरणार नाही. घोटताना थापीला चिकटून मणी उपटून येतो आणि जागी खळगा राहतो.