राजाचं अक्षर

(दृश्य: जुना कागद, वेडीवाकडी अक्षरं)

हे अक्षर नीट बघा. एक मोठं, पुढचं बारीक, ओळ तर कधीच घसरलेली. आपल्या गुरुजींनी कान पिळला असता. कोरियात मात्र हा कागद जिवापाड जपलाय.

लिहिणारा अगदी लहान मुलगा. पुढे हाच जोसोन घराण्याचा राजा जोंगजो झाला. इथे तो मामीची खुशाली विचारतोय: शरदाचा वारा सुटलाय, बऱ्या आहात ना? फार दिवसांत भेट नाही. खाली सही: 'वोनसोन', म्हणजे थोरला राजनातू. दुसऱ्या एका पत्रात तो लिहितो, हे मोजे मला लहान होतात, तुमच्या मुलाला घाला.

(दृश्य: कुंचला, दगडावर घासली जाणारी शाईची कांडी)

राजाच्या हस्ताक्षराला कोरियन भाषेत वेगळा शब्दच आहे: ओपिल. ते दगडावर, लाकडावर कोरायचे आणि ठसे घेऊन ठेवायचे. १७७६ मध्ये गादीवर बसताच जोंगजोने ग्युजांगाक हे राजग्रंथालय उभारलं, त्यात पूर्वीच्या राजांचं असं लेखन ठेवलं. राण्यांच्या महालात हांगुल या कोरियाच्या स्वतःच्या लिपीचं निराळंच वळण घडलं, 'गुंगचे'. ते घोटणाऱ्या दासींची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत, आणि खरं सांगायचं तर देखणेपणात त्या राजांना हार जात नाहीत.

पण माणूस दिसतो तो घाईच्या अक्षरात.

(दृश्य: पत्रांची चळत)

२००९ मध्ये जोंगजोची २९७ गुप्त पत्रं उजेडात आली. १७९६ ते १८०० या काळातली, शिम ह्वान-जी या मंत्र्याला लिहिलेली. हा मंत्री विरोधी गटाचा पुढारी. वाचून झाल्यावर नष्ट करा, असं राजा बजावायचा. शिमने ती जपली, वर पत्र मिळाल्याची तारीख टिपून ठेवली!

मजकूर चिनी लिपीत, हात भरधाव. एका पत्रात मात्र मधेच हांगुल उमटतं: 'द्विजुकबाकजुक'. सावळा गोंधळ! त्या रागाला चिनी शब्द बहुधा पुरला नसावा.

शेवटच्या काळातल्या एका पत्रात राजा तब्येतीचं सांगतो. पोटातली आग वर चढते, खाली उतरत नाही.

तेरा दिवसांनी तो गेला.