राष्ट्रपतींची सही आणि नागपूरचे न्यायमूर्ती

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढला आणि कोणी ना कोणी कोर्टात गेलं, ही बातमी आताशा रोजचीच. तिथे हे जुनंच आहे. १९५२ मध्ये ट्रुमन यांनी पोलादाचे कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले आणि दोन महिन्यांच्या आत सुप्रीम कोर्टाने ते सोडायला लावले. पण मला आज आपल्या गावच्या माणसाबद्दल बोलायचंय.

न्यायमूर्ती हिदायतुल्ला. आपल्या मॉरिस कॉलेजात शिकले, इथल्या लॉ कॉलेजात शिकवलं, १९५४ पासून नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. सिव्हिल लाइन्समधली ती दगडी इमारत तुम्ही येताजाता पाहता, तेच हायकोर्ट. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले आणि १९६९ च्या उन्हाळ्यानंतर महिनाभर हंगामी राष्ट्रपतीही.

आता गंमत बघा. सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद करणारं घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत आलं. बाजूने १४९, विरोधात ७५. घटनादुरुस्तीला लागतात दोन तृतीयांश मतं; हिशेब करा, एक अख्खं मतसुद्धा कमी पडलं नव्हतं! तरी विधेयक पडलं. आणि काही तासांतच राष्ट्रपती गिरींची सही झाली, की देशातले सगळे राजे आजपासून राजे नाहीत. सही राष्ट्रपतींची, इच्छा मंत्रिमंडळाची, हे सांगायला नकोच.

माधवराव शिंदे आणि इतर संस्थानिक कोर्टात गेले. नानी पालखीवाला त्यांच्या बाजूने उभे राहिले, समोर अकरा न्यायमूर्ती. सरकारचं म्हणणं, राजाला मान्यता द्यायची की नाही, हा राष्ट्रपतींचा अधिकार. त्यात कोर्टाने पडू नये. १५ डिसेंबरला बहुमताने निकाल आला: हुकूम रद्द. मान्यता कोणाला द्यायची ते ठरवा, पण सरसकट सगळ्यांची काढून घ्यायची आणि घटनेने कबूल केलेला तनखा त्या वाटेने बुडवायचा, हे चालणार नाही. हुकूम फिरवणाऱ्यांत हिदायतुल्ला होते. सव्वा वर्षापूर्वी ते स्वतः राष्ट्रपतींच्या त्याच खुर्चीत बसले होते!

राजेलोकांबद्दल मला काडीचं प्रेम नाही. तनखे जायलाच हवे होते, आणि गेलेही. निवडणूक जिंकून सरकार परत आलं, १९७१ अखेर सव्विसावी घटनादुरुस्ती झाली. या वेळी दोन्ही सभागृहांतून, मतं मोजून.

आणि हिदायतुल्ला? निकालाच्या दुसऱ्याच दिवशी निवृत्त झाले.