बारा तास, बारा विषय आणि परत न फिरणारा रोल

(पुण्यातील एका छायाचित्र मंडळाच्या सभेत, एकदिवसीय स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, येत्या रविवारी सकाळी सात वाजता आपण महात्मा फुले मंडईपाशी जमणार आहोत आणि संध्याकाळी सात वाजता तिथेच परत येणार आहोत. मधल्या बारा तासांत प्रत्येकाने बारा विषयांवर बारा छायाचित्रे काढायची, तीही दिलेल्या क्रमाने आणि प्रत्येक विषयावर एकच. या प्रकाराला जगभर फोटोमॅरेथॉन म्हणतात. नाव थोडे फसवे आहे, कारण इथे जो धावतो त्याची छायाचित्रे हललेली येतात आणि दुपारी दोनपर्यंत तो एखाद्या हॉटेलात पाय पसरून बसलेला सापडतो. म्हणून ही स्पर्धा नेमकी कसली परीक्षा घेते, हे आधी समजून घेतलेले बरे.

कोपनहेगनमध्ये अशा स्पर्धा १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून होत आल्या आहेत. बर्लिन, व्हिएन्ना, स्टॉकहोम, कार्डिफ अशा शहरांतही त्या रुजल्या. आशियात कॅनन कंपनीने सिंगापूरसारख्या शहरांत त्या मोठ्या प्रमाणावर भरवल्या. तपशील शहरागणिक बदलतात. कुठे बारा तासांत बारा विषय असतात, कुठे चोवीस तासांत चोवीस. कुठे सगळे विषय सुरुवातीलाच हातात ठेवतात, तर कुठे ते टप्प्याटप्प्याने, शहरातल्या वेगवेगळ्या ठिकाणी हजेरी लावल्यावरच मिळतात. पहिल्या छायाचित्रात आपला स्पर्धक क्रमांक दिसला पाहिजे, असाही नियम अनेक ठिकाणी असतो. त्यामुळे कुणी तो तळहातावर लिहितो, कुणी चहाच्या कपाला चिकटवतो आणि स्पर्धकाच्या बुद्धीची पहिली चुणूक तिथेच दिसते.

हे आकडे आले कुठून, असे मला नेहमी विचारतात. मला तरी ते फिल्मच्या रोलशी जुळणारे दिसतात. १२० क्रमांकाच्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरची बारा चौकोनी छायाचित्रे बसत आणि ३५ मिलिमीटरच्या रोलवर चोवीस किंवा छत्तीस. लायका हा जर्मन बनावटीचा छोटा कॅमेरा १९२५ साली बाजारात आला तेव्हापासून हा छत्तीसचा हिशोब छायाचित्रकारांच्या हाडीमासी खिळलेला होता. मात्र रोलची खरी देणगी आकडा नव्हे, क्रम ही होय. तिसऱ्या विषयाचे छायाचित्र चुकले आणि पाचव्या विषयाच्या वेळी त्यासाठी उत्तम प्रसंग समोर उभा राहिला, तरी मागे जाता येत नसे, कारण रोल पुढेच सरकतो. अखंड रोल आयोजकांच्या हाती दिला की आपली चूक ही आपल्याच मालिकेतली तिसरी चौकट म्हणून कायमची नोंदली जाई.

या बाबतीत माझी स्वतःची कथा सांगण्यासारखी नाही, पण सांगतो. तरुणपणी मित्रांनी मिळून अशीच एक घरगुती स्पर्धा ठरवली होती. मी तांबट आळीपासून लकडी पुलापर्यंत सबंध दिवस पायपीट केली आणि शेवटचा विषय टिपून समाधानाने रोल गुंडाळायला घेतला, तर चकतीला कसला ताणच लागेना. सकाळी घाईत रोल भरताना फिल्मचे टोक पलीकडच्या चरकीत अडकलेच नव्हते. प्रत्येक वेळी फिल्म पुढे सरकवण्याचा खटका ओढला की डावीकडची रिवाइंडची चकती फिरायला हवी, हे मला ठाऊक होते, पण दिवसभरात एकदाही मी तिच्याकडे पाहिले नाही. फिल्म डबीतून बाहेर आलीच नव्हती, बाराही विषय मी बंद डबीवर काढले होते. घरी आल्यावर आईने विचारले, "आले का रे फोटो?" मी म्हटले, "यायचेत."

डिजिटल कॅमेऱ्याने ही अडचण संपवली आणि दुसरी आणली. आता हवी तितकी छायाचित्रे काढता येतात, पण देताना कार्डावर बाराच उरली पाहिजेत, क्रम तोच पाहिजे आणि कॅमेऱ्यातून निघाल्यानंतर त्यांवर कसलाही हात फिरवलेला नसला पाहिजे. क्रम तपासायला फाइलच पुरेशी असते. १९९५ साली जपानमध्ये ठरवलेल्या एक्झिफ या पद्धतीनुसार तारीख, वेळ, शटरचा वेग, छिद्रमान (भिंगाचे छिद्र किती उघडे होते ते) हे सारे फाइलच्या आतच लिहिले जाते. म्हणून कॅमेऱ्याचे घड्याळ शनिवारी रात्रीच जुळवून घ्या. सकाळ-दुपारचा घोळ झालेला कॅमेरा सकाळी नऊचे छायाचित्र रात्री नऊचे म्हणून नोंदवतो, आणि मग परीक्षकांपुढे कितीही शपथा घेतल्या तरी उपयोग होत नाही.

छायाचित्रणाचे मोठे उपक्रम दुसऱ्या टोकाचेही असतात. ६ मार्च १९८१ रोजी शंभर छायाचित्रकारांनी ऑस्ट्रेलियाचा एक दिवस चोवीस तासांत टिपला. ती स्पर्धा नव्हती, एका देशाची नोंद होती. विकी लव्ज मॉन्युमेंट्स हा विकिपीडियासाठी वारसा वास्तूंची छायाचित्रे जमवणारा उपक्रम २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी त्यात १,६८,२०८ छायाचित्रे जमा होऊन त्याची गिनेस नोंद झाली. २०१२ साली भारतही त्यात सामील झाला, आणि आपल्या पेठांतले उरलेसुरले वाडे तिथे नोंदवले जावेत असे मला मनापासून वाटते. पण तिथे वास्तू आधीच ठरलेली असते, आपण तिच्यापुढे जाऊन उभे राहायचे. फोटोमॅरेथॉनमध्ये हाती फक्त एक शब्द येतो, आणि त्याची वस्तू आपणच शोधायची असते.

हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे समस्यापूर्तीची, म्हणजे दिलेल्या ओळीवरून श्लोक पुरा करण्याची परंपरा आहे. भोजराजाच्या दरबारातली गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. राजाने निव्वळ ठकारांची एक निरर्थक ओळ दिली आणि कवीने उरलेल्या तीन चरणांत प्रसंग उभा केला. रामाच्या अभिषेकाच्या गडबडीत एका तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटला आणि जिन्यावरून ठणठणत खाली गेला, त्याचा तो आवाज. माझ्या मते हे उत्तम छायाचित्रच आहे. त्यात क्षण आहे, जागा आहे, आणि दिलेली ओळ जशीच्या तशी ठेवूनही ती आता त्या घड्यावाचून ऐकता येत नाही. विषयाचे छायाचित्र असेच असावे. विषयाची पाटी काढून टाकली तरी ते उभे राहावे, आणि पाटी लावली की शब्दाचा अर्थ थोडा हलावा.

दोन वर्षांपूर्वी आपण मंडईत सराव केला तेव्हा सहावा विषय होता 'ओझे'. वीस-बावीस जण होते. बहुतेकांनी डोक्यावर पाटी घेतलेले हमाल टिपले, आणि ते स्वाभाविक होते, कारण १८८६ साली बांधलेल्या त्या आठ बाजूंच्या इमारतीभोवती सकाळी दुसरे काही दिसतच नाही. एका मुलीने मात्र हमाल चहाला बसेपर्यंत वाट पाहिली. त्याने डोक्यावरची चुंबळ काढून शेजारी पायरीवर ठेवली होती. जुन्या लुगड्याच्या फडक्याची ती चुंबळ मधोमध दबून अंगठाभर खोल झाली होती, तिची कड घामाने काळपटली होती आणि तिच्या बाजूला अर्धा भरलेला चहाचा ग्लास होता. छायाचित्रात ओझे कुठेच नव्हते, नुसता त्याचा खळगा होता. सातवा विषय निघाला 'सुट्टी'. तिने एक बंद गाळा शोधला, तर त्याच्या खिळ्यालाही अशीच एक चुंबळ टांगलेली होती. दोन्ही चौकटी शेजारी लावल्यावर तिथे एक गोष्ट तयार झाली, जी दोन्ही विषयांत मिळूनही नव्हती.

उलट एक सवय मला खटकते. पुण्यात कोणत्याही विषयावर एखादी पाटी सापडतेच. 'राग' असो, 'प्रतीक्षा' असो वा 'दुपार' असो, कुठल्यातरी फाटकावर कुणीतरी ते आधीच स्वच्छ अक्षरांत, किंचित अपमानासह लिहून ठेवलेले असते. अशा पाटीचे छायाचित्र हशा मिळवते, पण तो हशा पाटी लिहिणाऱ्याचा असतो. परीक्षक म्हणून मी चौकटीतल्या अक्षरांना कमी गुण देतो, हे आताच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर भांडण नको.

आता प्रकाशाविषयी. उत्तरेकडच्या शहरांना इथे निसर्गाचीच साथ आहे. स्टॉकहोममध्ये जूनचा दिवस अठरा तासांहून मोठा असतो आणि सूर्य खालून, तिरपा येत राहतो. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. शिवाय आपल्याकडे ऊन चटकन डोक्यावर येते. मे महिन्याच्या मध्यावर भर दुपारी उभ्या काठीची सावलीच नाहीशी होते, आणि त्या दिवशी 'सावली' हा विषय देणारा आयोजक एकतर निर्दयी म्हणायचा किंवा मोठा विनोदी. आपण डिसेंबर निवडला तो यासाठीच. सात ते सात या वेळेत कोवळे ऊन, दुपार, तिन्हीसांज आणि दिवे लागल्यानंतरचा रस्ता, असे चारही प्रकाश मिळतात. तरीही अकरा ते तीन हा काळ अवघड जाईल. त्या वेळात बोहरी आळी, तुळशीबाग, वाड्यांचे बोळ, ताडपत्रीखालचे गाळे अशा ठिकाणी राहा, कारण छपराच्या फटीतून येणारे ऊन दुपारीच सर्वांत चांगले असते. चार विषय एकदम मिळतील, पुढचे चार अकराला आणि शेवटचे चार तीनला. त्यामुळे सगळा मार्ग आधीच आखून ठेवण्यात अर्थ नाही.

परीक्षण मालिकेचे होईल. बारा स्पर्धकांच्या बारा मालिका भिंतीवर एकाखाली एक लावल्या की आडवे वाचताना एका माणसाचा दिवस दिसतो, आणि उभे वाचताना एकाच शब्दाची बारा माणसांनी लावलेली बारा निरूपणे दिसतात. मला स्वतःला उभे वाचायला अधिक आवडते. बक्षीस मात्र आडव्या ओळीलाच मिळते. त्यामुळे एका अप्रतिम चौकटीच्या मागे लागून तीन विषय बुडवणाऱ्याला काही मिळत नाही. एक विषय राहिला तर आपण त्याला बाद करणार नाही, त्याची जागा कोरी ठेवून मालिका लावू. काही शहरांत याबाबत फार कडक असतात, पण बंद डबीवर बारा विषय काढलेला माणूस कडक कोणत्या तोंडाने होणार?

शेवटी माणसांविषयी एकच सांगतो. माणसांना विचारून छायाचित्र काढा. विचारण्यात क्षण निसटतो ही तक्रार खरी आहे, पण त्या मुलीने चुंबळीसाठी आधी हमालाशेजारी बसून चहा घेतला होता, आणि ती कुणाची आहे हे त्याच्याकडूनच विचारून घेतले होते. ती त्याच्या मोठ्या भावाची निघाली. हे परीक्षकांना ठाऊक नव्हते, मलाही ते नंतर कळले.

रविवारी पावणेसातला या. घड्याळे सातला दहा कमी असताना एकत्र जुळवू. आणि कुणी हौसेने अजून रोल वापरणार असेल, तर पहिला खटका ओढताना डावीकडच्या चकतीकडे एकदा बघा.